वर्षाचा गहू, वर्षाचे मदरबोर्ड

कंप्युटरच्या मदरबोर्डांत कडुनिंबाचा पाला घालून ठेवणारी बाई साऱ्या उज्जैनमध्ये मी एकटीच असेन. नातवंडांना हे सांगितलं की ती सोफ्यावरून घसरेपर्यंत हसतात. हसू देत. मीही हसते. पण तेव्हा मी ते अगदी गंभीर तोंडानं केलं होतं, पदर खोचून, पाटावर बसून, आणि आपल्याइतकी शहाणी बाई कॉलनीत दुसरी नाही अशा पक्क्या खात्रीनं.

माझ्या शहाणपणाचं मूळ गव्हात होतं. लग्न होऊन माळव्यात आले तेव्हा सासूबाईंनी मला पहिलं काही शिकवलं असेल तर वर्षाचा गहू भरायला. वैशाखात मंडीतून गहू यायचा. दाणा दाताखाली धरायचा. कट्ट वाजला तर घ्यायचा, दबला तर पुढच्या दुकानी जायचं. मग गच्चीवर ऊन, मग एरंडेलाचा हात, मग कोठीत थराथरानं कडुनिंबाचा वाळला पाला. "ज्याच्या कोठीत वर्षाचं धान्य, त्याच्या उंबऱ्यावर काळजी बसत नाही," असं सासूबाई म्हणत. मी हा नियम इतका मनावर घेतला की साबण, काड्यापेट्या, मेणबत्त्या, सगळं वर्षाचं भरू लागले. बाजार नावाची गोष्ट मला कळली, असं मला वाटे. गव्हाचा बाजार आणि जगाचा बाजार वेगळे असतात, हे सांगणारं तेव्हा कोणी भेटलं नव्हतं. भेटलं असतं तरी मी कुठली ऐकणार!

आमचे हे कापडाच्या गिरणीत विजेच्या खात्यात होते. मोटार जळली की यांना बोलावणं यायचं. संध्याकाळी घरी येत तेव्हा शर्टाला जळक्या वार्निशचा वास असायचा, आणि ते चपला काढत असतानाच सासूबाई विचारत, "आज कामावर काय केलंस?" हा प्रश्न त्या यांना नोकरीच्या पहिल्या दिवसापासून विचारत आल्या होत्या. हे एका वाक्यात उत्तर देत. अमुक खात्यातली मोटार बांधली. तमुक फ्यूज सारखा उडत होता, सापडलं कारण. सासूबाईंना त्यातलं काही कळत नसे, पण "बरं झालं" म्हणून त्या पुन्हा वाती वळायला लागत.

मग ती वर्षं आली. पेपरात रोज खुल्या बाजाराच्या बातम्या आणि आमच्याकडे गिरणीच्या फाटकाला कुलूप. "नोकरी गेली" असं हे कधीच म्हणाले नाहीत. "गिरणी बंद आहे" म्हणत, जसं आज रविवार आहे म्हणावं. सकाळी त्याच वेळेला अंघोळ, दाढी, इस्त्रीचा शर्ट, आणि मग पुढच्या खोलीत खुर्चीवर बसून राहणं. सासूबाईंनी संध्याकाळचा प्रश्न विचारणं बंद केलं.  त्या वेळेला घरात एक भोक पडायचं, आणि आम्ही तिघं मोठी माणसं त्याच्या कडेकडेनं वावरत असू.

घरात खायला होतं. यांना हवं होतं ते दुसरंच. त्यांना पुन्हा कामावर असायचं होतं.

कंप्युटर कसा आला? तर इंदूरला एका व्यापाऱ्याकडे बसून बसून हे शिकले. वीज यांच्या हातात होतीच. मोठ्या मोटारीवरून चिमुकल्या बोर्डावर यायला त्यांना फार दिवस लागले नाहीत. इंदूरच्या बसनं माल नानाखेड्याच्या बसस्टँडवर उतरवून घ्यायचे आणि सायकलच्या कॅरिअरवर बांधून घरी आणायचे. पुढच्या खोलीतली खुर्ची गेली, मोठं टेबल आलं. एका लोखंडी डब्यात तो हिरवा मदरबोर्ड बसवायचा आणि बाकी सगळं त्याच्यावर खोचायचं: गणित करणारी चिप, स्मरणाच्या पट्ट्या, चित्राचं कार्ड, आवाजाचं कार्ड. मी स्क्रू निवडून द्यायची. तांदळातले खडे निवडणारा हात तो. मोठे, बारके, आटे गेलेले, भराभर वेगळे. मला वाटे, अर्धा कंप्युटर तर मीच करून राहिले आहे.

आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे रामघाटावर छत्रीखाली बसणारे एक पंडितजी. आधी ते पत्रिका हातानं मांडत. मग पलीकडच्या छत्रीतल्या पंडितानं छापील पत्रिका द्यायला सुरुवात केली आणि पंडितजींचे यजमान तिकडे वळले. म्हणून आले. उज्जैनमध्ये कंप्युटर वाढला तो सुरुवातीला असा, शेजारच्या छत्रीकडे बघून. मग टाइपिंगचे क्लासवाले आले, कारण मुली आता नुसतं टाइपिंग शिकायला तयार नव्हत्या. मग लग्नपत्रिका छापणारे. मग बारावी पास झालेल्यांचे बाप, ज्यांना घरात कंप्युटर आला म्हणजे मुलगा अमेरिकेच्या अर्ध्या वाटेवर पोचला असं वाटे.

आणि या बाजाराला आपलं असं एक पंचांग होतं. माघ-फाल्गुनात कोणी काही घेत नसे, "बजट येऊ द्या, ड्यूटी कमी झाली की स्वस्त होईल." पितृपक्षात नवी वस्तू घरात नाही. धनत्रयोदशीला मात्र रांग लागायची. डबा लोखंडाचा, म्हणजे धातूच की! त्या दिवशी मॉनिटरला हळदकुंकू लावून, वर भैरवगढची छापील चादर पांघरून माणसं कंप्युटर रिक्षातून घेऊन जात, नव्या नवरीसारखा.

सासूबाईंनी प्रश्न पुन्हा सुरू केला. "आज कामावर काय केलंस?" हे खुर्चीवरून उठून फक्त पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत आलेले असत, पण उत्तर तेच, एका वाक्याचं. "दोन मशिनं उभी केली, आई."

मग एका वैशाखात इंदूरच्या व्यापाऱ्यानं यांना सांगितलं, "भाईसाब, डॉलर चढ़ रहा है. बोर्ड जितना भरना हो, अभी भर लो."

घरी येऊन यांनी विषय काढला. गिरणीकडून शेवटी जे हाती आलं होतं ते घालावं लागणार होतं, म्हणून ते बोलताना भिंतीकडे बघत होते.

"महिना कोणता?" सासूबाईंनी विचारलं.

"वैशाख."

"मग विचारतोस काय? भरायचाच महिना आहे."

मी तर आणखी पुढची. "दिवाळीत घेणार त्यापेक्षा आत्ता स्वस्त मिळेल," मी म्हटलं. "आणि ना उंदीर खाणार, ना किडा. गव्हापेक्षा बरं."

हे जरा घुटमळले. "अगं, यात दर वर्षाला काही ना काही बदलतं."

"गव्हाचीही नवी नवी बियाणं येतात. पोळी बदलते का?"

काय तोंड होतं माझं! देवानं तेव्हा एखादा घास अडकवायला हवा होता.

बोर्ड आले. पुढच्या खोलीत मावेनात, म्हणून कोठीत गेले; गव्हाची एक मोठी पत्र्याची कोठी त्या साली रिकामी ठेवली. आणि कोठीत काही ठेवायचं म्हणजे पाला घालायचाच. हे इंदूरला गेलेले असताना मी थर लावले. एक थर डबे, एक थर पाला. ज्या डब्यांची झाकणं उघडी होती त्यांच्या आतही दोन-दोन डहाळ्या सरकवल्या. परत आल्यावर यांनी पाहिलं, डोक्याला हात लावला, आणि म्हणाले, "राहू दे. नुकसान तर नाही ना काही." नंतर पंडितजींच्या मशीनमध्ये कोठीतला बोर्ड बसवला होता, ते त्यांच्या टेबलावर उघडलं तर आतून कडुनिंबाचं पान निघालं. पंडितजींनी ते उचलून कपाळाला लावलं. "शुभ है," म्हणाले.

काही महिने सगळं ठीक चाललं. कोठीतून बोर्ड काढायचा, पाला झटकायचा, मशीन उभं करायचं. फक्त एक गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती ती आली नाही. गहू घरात ठेवला की पुढेपुढे त्याचा भाव चढतो. बोर्ड घरात ठेवला की दर महिन्याला उतरतो. डॉलर चढला तरी उतरतो, कारण तोवर त्याहून चलाख बोर्ड बाजारात आलेला असतो. हे इंदूरहून आले की गप्प गप्प असत. मी म्हणे, "थकलात," आणि चहा टाके.

पावसाळ्यात पंडितजी आले. छत्री दाराशी टेकवून बसले आणि नवं मशीन मागितलं.

"तुमचं बिघडलं का?" यांनी विचारलं.

"बिगड़ा नहीं भाईसाब. पर जजमान पूछने लगे हैं, पंडितजी, मशीन कौन सी है? नई वाली है कि पुरानी?"

मी आतून चहा घेऊन आले होते. राहवलं नाही. "पंडितजी, गणित तर हजारो वर्षांचं जुनं आहे ना? ग्रह तेच?"

"ग्रह तो वही हैं, भाभीजी," पंडितजी उदास होऊन म्हणाले. "ग्राहक नए हैं."

हे दुसऱ्या दिवशी इंदूरला गेले आणि नवी चिप घेऊन आले. तोवर चिप म्हणजे मला माहीत होती ती चपटी, चौकोनी, पोटाला शेकडो बारीक पाय असलेली. बोर्डावरच्या भोकांत ती बसे. ही नवी उभी होती, काळी, गाण्याच्या कॅसेटसारखी. यांनी कोठीतला एक बोर्ड टेबलावर ठेवला आणि ती चिप त्याच्यावर धरली. बसणार नाही हे त्यांना इंदूरलाच कळलेलं होतं. तरी धरली. एका डब्याचं झाकण दुसऱ्या डब्यावर धरून बघावं तसं नुसतं धरून उभे राहिले.

"मग आता हे बोर्ड?" मी विचारलं.

"चालू आहेत सगळे."

"मग काय झालं?"

"काही झालं नाही यांना," ते म्हणाले. "किडा नाही, गंज नाही, एकही वायर तुटलेली नाही. फक्त यांच्यावर बसेल असं काही आता बाहेर बनून राहिलं नाही."

मी बावळट. मी म्हटलं, "निदान पाल्यामुळे किडा तर लागला नाही."  त्यांनी चिप परत डबीत घातली, डबी ड्रॉवरमध्ये, आणि टेबल पुसलं. ते टेबल पुसणं पाहताना माझ्या डोक्यात शिरलं की हे वाक्य त्यांनी बोर्डांबद्दल म्हटलेलं नव्हतं. गिरणी बंद झाली तेव्हाही हा माणूस धडधाकट होता. कुठे काही तुटलं नव्हतं.

त्यानंतर पुढच्या खोलीचं रस्त्याकडचं दार उघडेनासं झालं. कोणी हाक मारली तर मी सांगे, बाहेर गेलेत. ते आतच असत, टेबलाकडे पाठ करून. दिवाळी आली. धनत्रयोदशीला लोक कंप्युटर घेऊन आमच्याच रस्त्यानं गेले, दुसऱ्या दुकानातून घेतलेले. मी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ओळखीच्या बायकांना बोर्ड खपवायचा प्रयत्न करून पाहिला. "जुना आहे, पण तांदूळ कसे जुनेच चांगले," असं सांगितलं. बायका तिळगूळ खाऊन, गोड बोलून निघून गेल्या. सासूबाईंनी संध्याकाळचा प्रश्न पुन्हा गिळला होता, आणि या वेळी मला भीती वाटली की तो परत वर येणार नाही.

वैशाख आला. मंडीत नवा गहू आला.

"ती मोठी कोठी रिकामी कर," सासूबाई म्हणाल्या.

"आई, त्यात माल आहे."

"गिऱ्हाईक नाही त्याला माल म्हणतात होय? बाहेर काढ."

हे पलीकडच्याच खोलीत होते. सासूबाईंना बोलून झाल्यावर ते आठवलं असावं. त्यांनी दाराकडे पाहिलं, मग हातातल्या वातीकडे. 

मी बोर्ड बाहेर काढले. आणि बाहेर काढून ठेवायचे कुठे, तर गच्चीवर. सवयीचे पाय, दुसरीकडे जातायत कुठे! भैरवगढची जुनी चादर अंथरली, डब्यांतून बोर्ड काढले आणि ओळीनं उन्हात मांडले, आमसुलं वाळत घालावी तसे. वर गच्चीच्या कडेनं फिरून कावळे हाकलले. हिरवे, तपकिरी बोर्ड उन्हात चकाकत होते. शेजारच्या गच्चीवरून बघणाऱ्यांना काय वाटलं असेल ते त्यांचं त्यांना माहीत.

कसा कोण जाणे, पण यांना जिन्यात सुगावा लागला. वर आले.

"अगं, काय करून राहिलीस हे?"

"ऊन दाखवतेय."

"बोर्डांना?"

"आई म्हणाल्या बाहेर काढ. बाहेर काढलेल्या वस्तूला ऊन नको का द्यायला?"

ते बघत राहिले. चादर, बोर्ड, हातात कावळ्यांसाठी काठी घेतलेली मी. आणि मग हसले. तोंड दाबून आधी, मग न दाबता, खाली बसूनच हसले. डोळे पुसले, आणि त्याच बोटानं एका बोर्डाच्या खाचेत अडकलेलं पान काढायला लागले. मग दुसऱ्याच्या. बोर्ड उचलायचा, फुंकर मारायची, सावलीत ठेवायचा.

आमच्या वरच्या खोलीत भाडेकरू राहायचे. त्यांची मुलगी पॉलिटेक्निकमध्ये होती. ती दोरीवरचे कपडे काढायला आली आणि थबकली.

"अंकल, ये सब खराब हैं?"

"नहीं बेटा. एक भी नहीं."

"तो धूप में क्यों?"

"वो अपनी आंटी से पूछो."

ती मला विचारायच्या भानगडीत पडली नाही. चादरीशी उकिडवी बसली. "हमको तो कॉलेज में छूने भी नहीं देते," ती म्हणाली. "एक ही मशीन खुली रखी है. सर दूर से लकड़ी से दिखाते हैं, ये फलाना, ये ढिकाना. बिगड़ गई तो?"

यांनी हातातला बोर्ड तिच्यापुढे धरला. तिनं आधी ओढणीला हात पुसले. तरी घेईना.

"लो," हे म्हणाले. "टूट जाए तो टूट जाए."

यांच्या तोंडून असलं वाक्य मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. गिरणीत एक नट हरवला तर यांना जेवण जात नसे. तिनं बोर्ड घेतला. हे बोट ठेवून सांगू लागले, वीज इथून येते, इथून वाटली जाते, हा बारका पूल, जंपर म्हणतात तो, उचलला तर ही बाजू झोपते. तिनं मध्येच विचारलं, यांनी उत्तर दिलं, तिनं अडवलं, यांना पुन्हा विचार करावा लागला. कपडे दोरीवर राहिले. मी काठी घेऊन कावळे राखत होते, कारण कोणीतरी राखायलाच हवे होते.

दुसऱ्या दिवशी ती दोन मैत्रिणींना घेऊन आली. त्यानंतर रस्त्याकडचं दार पुन्हा उघडं राहू लागलं. कंप्युटर खपत होते तसतसं ते दुरुस्त करणारे हात कमी पडत होते, आणि ते हात तयार करायला कोणी चांगला बोर्ड त्यांच्या हवाली करत नव्हतं. आमच्याकडे कोठीभर होते, ज्यांच्या मोडण्याला कोणी घाबरणार नव्हतं. हे सगळं मी आज मोठ्या शहाणपणानं सांगतेय. तेव्हा मला फक्त एवढंच वाटलं होतं की चला, गव्हाला कोठी मोकळी झाली.

मग फ्रीगंजातल्या एका शिकवणीच्या संस्थेनं यांना बोलावलं. रोज यायचं, ठरल्या वेळेला.

पुढेही बाजार थांबला नाहीच. आवाज, चित्र, फोनची तार, जे जे वेगळ्या कार्डावर असे ते सगळं बोर्डानं हळूहळू पोटात घेतलं आणि जोडणाऱ्याला जोडायला काही उरलं नाही. मग मांडीवरचे लॅपटॉप आले, ज्यांचा डबाच उघडत नाही. यांच्या शिकवणीतलीही मुलं कमी होत गेली. आमच्या कोठीतला शेवटचा बोर्ड कधी संपला ते मला आठवत नाही. हेही आता नाहीत. पंडितजींच्या छत्रीत त्यांचा नातू बसतो आणि खिशातल्या फोनवर पत्रिका काढतो. मी अजून वर्षाचा गहू भरते. सून म्हणते, "आई, पीठ तयार मिळतं." मिळतं ना. मी कुठे नाही म्हणते?

पण मला सांगायचाय तो संस्थेतला पहिला दिवस. सकाळी मी डबा भरला. पोळी, भाजी, लोणच्याची फोड, गिरणीत देत असे तसाच. पिशवीत डबा आणि डब्याशेजारी कागदात गुंडाळलेले बोर्ड. हे सायकल घेऊन फाटकाबाहेर पडले तेव्हा सासूबाई ओसरीवर होत्या. त्यांना तोवर नीट दिसेनासं झालं होतं. सायकलचा आवाज वळणावर जाईपर्यंत त्या मान वळवून ऐकत राहिल्या.

संध्याकाळी हे परत आले. मी आत नव्या गव्हाची कणीक मळत होते. चपला काढल्याचा आवाज आला.  माझे हात थांबले.

"आज," सासूबाई म्हणाल्या, "कामावर काय केलंस?"

"एक बोर्ड जाळला, आई."

"आं? चांगला होता?"

"चांगला होता. विजेची तार उलटी लावली की काय होतं ते दाखवायचं होतं. सांगून नाही कळत ते. वास आला म्हणजे कळतं."

सासूबाईंनी विचार केला. "मग कळलं त्यांना?"

"कळलं."

"बरं झालं," त्या म्हणाल्या.

हे पाणी प्यायला आत आले. माझ्याजवळून गेले तेव्हा शर्टाला तोच वास होता, गिरणीतून येत तेव्हा असायचा तो.